काकांची आपत्काळाची पिशवी

उद्या जगबुडी झाली आणि डोंबिवलीचं एखादं टेकाड तेवढं पाण्याच्या वर राहिलं, तर त्या टेकाडावर पहिला विस्तव माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काकाच, पेटवतील, याबद्दल आमच्या आळीत कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो एवढाच, की त्यांना तो पेटवायला किती दिवस लागतील. समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमास्तर म्हणत, "अहो, हा गृहस्थ आधी सावरीचा कापूस बरा की नारळाचा काथ्या बरा याची परीक्षा घेत बसेल. तोवर पाणी ओसरेल आणि माणसं गारठून मरतील." पोस्टमास्तर हे काकांचे जिवलग मित्र होते, म्हणून एवढ्यावरच थांबत.

मी त्यांच्याकडे राहायला आलो तो स्वातंत्र्य मिळाल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. ठाण्याला एका कारखान्याच्या कचेरीत मला नोकरी लागली आणि "आपली माणसं डोंबिवलीत असताना खाणावळीत कशाला जेवायचं?" म्हणून मावशीने मला ठेवून घेतलं. काका ठाण्याच्याच एका शाळेत गणित शिकवायचे. अंगाने इतके किरकोळ, की वाऱ्याच्या दिवशी मावशी त्यांना छत्री नेऊ देत नसे. उभ्या आयुष्यात रानात ते एकदाच गेले होते, तेही पोरांच्या सहलीबरोबर, आणि दिवस मावळायच्या आत परत. पण तयारी म्हणाल तर बारा वर्षं वनवास भोगून आलेल्या माणसाने शिकवणीला यावं अशी. बाहेरच्या खोलीत खुंटीवर मेणकापडाची एक फुगीर पिशवी कायम टांगलेली असे. तिला ते 'आपत्काळ' म्हणत. घरात पाहुणा आला आणि त्याने कोट अडकवायला खुंटी शोधली, की काका आतून ओरडत, "अहो, तिथे नको! तिथे माझा आपत्काळ आहे!" पाहुणा बिचारा कोट हातात धरूनच चहा पिई.

या तयारीचं मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत होतं. त्या काळात काका हौसेने ए.आर.पी. वॉर्डन, म्हणजे हवाई हल्ल्यापासून आळीचे रखवालदार झाले. डोक्यावर पत्र्याची टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून त्यांनी चार वर्षं लोकांच्या घरातले दिवे विझवले. बाँब काही पडला नाही. याची त्यांना मनातून जराशी रुखरुखच लागून राहिली होती, असं मावशीचं मत. लढाई संपली, टोपी सरकारजमा झाली, आणि कसलं तरी संकट येणार आहे ही खात्री मात्र काकांच्या डोक्यात तशीच राहिली. त्यातच ती सहल आली. मुंब्र्याच्या डोंगराच्या पायथ्याशी अवकाळी सरीने गाठलं, काकांच्या खिशातली काडेपेटी भिजली, आणि हेडमास्तरांना नेमकी तेव्हाच चहाची तलफ आली. काकांनी अठ्ठावीस काड्या ओढल्या. एकही पेटली नाही. हेडमास्तर पोरांच्या देखत म्हणाले, "काय मास्तर, एवढं गणित शिकवता आणि साधा विस्तव होत नाही तुमच्याच्याने?" गणिताचा आणि विस्तवाचा संबंध काय, हे विचारायचं काकांना सुचलं ते घरी पोचल्यावर. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेणकापड घेऊन आले.

पिशवीत दोरी होती, चाकू होता, गूळदाणे होते, जखमेवर बांधायची पट्टी होती. पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. खरा जीव विस्तवात. पत्र्याच्या लहान लहान दहा डब्यांत विस्तव धरणाऱ्या वस्तू भरलेल्या असत. त्यांच्या त्यांनी दोन जाती केल्या होत्या, 'देवाघरचे' आणि 'घरचे'. देवाघरचे म्हणजे निसर्गात आयते मिळणारे: सावरीचा कापूस, काथ्या, सुगरणीचं घरटं, राळ, रानात वाळलेली गोवरी, काजूची टरफलं. घरचे म्हणजे काकांनी स्वहस्ते केलेले: मेणात बुडवलेली सुतळी, घासलेट प्यायलेला विटेचा तुकडा, सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या, आणि डबीत कोंडून करपवलेलं धोतर, ज्यावर म्हणे चकमकीची ठिणगी पडली की ती धरून ठेवते. ते धोतर जुनं नव्हतं, हे मावशीला संक्रांतीला कळलं.

दर रविवारी सकाळी परसातल्या धुण्याच्या दगडावर परीक्षा भरे. उमेदवार दगडावर ठेवायचा, काकांनी घड्याळ हातात धरायचं आणि मी विंझणा घेऊन वादळ व्हायचं. "जोरात! हा कुठला वारा? हा तर देवघरातला वारा!" मग झारीने पाऊस पाडायचा. कोण किती वेळात पेटला, किती मिनिटं टिकला, भिजल्यावर कसा वागला, हे सगळं वहीत उतरे. काका पडले शिक्षक, त्यामुळे नुसत्या गुणांवर त्यांचं भागत नसे, शेरा लागे. मी ती वही चोरून वाचली आहे. 'सावरीचा कापूस: हुशार, परंतु उथळ. चटकन भडकतो व तितक्याच चटकन बसतो.' 'गोवरी: मंद. पण एकदा समजले की विसरत नाही.' 'राळ: उत्तम. वर्तन चिकट.' 'काथ्या: कष्टाळू. दमट हवेत कुरकुर करतो.' आणि ट्यूबच्या चिंध्यांपुढे, 'गुण चांगले, संगत वाईट. शेजारून तक्रार.'

आळीत या विषयावर दोन तट पडले. नवीन स्वातंत्र्य होतं, मतं असणं हे प्रत्येकाला कर्तव्य वाटे. पोस्टमास्तर देवाघरच्या पक्षाचे. "निसर्गाने जे दिलं आहे त्यात माणसाने ढवळाढवळ करू नये," असं ते आरामखुर्चीत बसून, चष्मा पुसत, विडी काडीने पेटवून सांगत. त्यांच्या विरुद्ध बाजूचे लोक स्वावलंबनावर बोलत. यांपैकी एकाही पुरुषाने आपल्या घरातली शेगडी कधी पेटवलेली नव्हती. त्यामुळे चर्चेची पातळी फार वरची राहिली.

सुगरणीच्या घरट्यासाठी काका स्वतः बाभळीवर चढले होते. झाड आमच्या आळीमागच्या भातखाचराच्या बांधावर, आणि खाचर एका आगरी म्हाताऱ्याचं. तो झाडाखाली येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. काका मध्यावर अडकलेले, धोतर काट्यात.

"मास्तर, काय करताव वर?"

"घरटं काढतोय."

"त्यान पिलां हायेत का बगलंत?"

"रिकामं आहे. मी महिनाभर निरीक्षण केलंय."

"आन् कशाला पायजे?"

"विस्तव पेटवायला."

 म्हाताऱ्याने कनवटीची काडेपेटी काढून वर धरली. "ही घ्या आन् उतरा खाली. परत नको मला." काका त्या अवस्थेतही त्याला विचारायला विसरले नाहीत, की काडेपेटी नसेल तेव्हा तुम्ही काय करता. म्हातारा म्हणाला, "शेजारनीच्या चुलीतला निकारा आनतो." काकांनी उतरल्यावर वहीत लिहिलं: 'शेजारीण: विश्वासार्ह. रानात उपलब्ध नाही.'

पण काकांच्या संशोधनाने खरी उंची गाठली ती भुसामेणाच्या वड्यांत. वखारीतला लाकडाचा भुसा, उरलेल्या मेणबत्त्या आणि दोन थेंब घासलेट एकत्र आटवायचं आणि मावशीच्या वड्या थापायच्या ताटात ओतून सुरीने कापायचं. दिसायला हुबेहूब आल्याच्या वड्या. एक पाहुणा फसलाही होता. या वड्यांची जाहीर चाचणी झाली ती घरच्या गणपतीत. संध्याकाळच्या आरतीला आळी जमलेली, आणि ऐन वेळी डबीत कापूर नाही. तो आदल्याच रविवारी परीक्षेला बसून उत्तीर्ण झाला होता. मावशीने काकांकडे जे पाहिलं, त्याने ओला काथ्यासुद्धा पेटला असता. काका क्षणभर गडबडले, मग डोळे चमकले, आणि त्यांनी तबकात एक वडी ठेवून काडी लावली.

वडी झोकात पेटली. आरत्या सुरू झाल्या. गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली, विठोबाची झाली. एरवी इथे कापूर विझतो आणि लोक प्रसादाकडे बघू लागतात. वडी तशीच. आरतीतली ज्योत फुंकून विझवणं बरं दिसत नाही, आणि ज्योत असताना थांबणंही बरं दिसत नाही. मग दशावतारांची झाली, ज्ञानेश्वरांची झाली, पोस्टमास्तरांनी त्यांच्या कुलदैवताची एक म्हटली जी त्यांच्याखेरीज कुणालाच येत नव्हती. टाळ वाजवणाऱ्याने हात बदलला. एका आजीबाईंनी खाली बसून घेतलं. मंत्रपुष्प झालं, फुलं वाहून झाली, घासलेटाच्या वासाने गणपतीच्या मूषकालासुद्धा शिंक यावी अशी हवा झाली, तरी वडी आपली शांतपणे जळते आहे. लोकांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अखेर ती विझली तेव्हा त्या भक्तिमय शांततेत काकांचा आवाज घुमला, "सतरा मिनिटं! उघड्या दारात!" प्रसाद घेताना त्यांच्याशी फारसं कुणी बोललं नाही. मावशी मात्र तबकातल्या राखेकडे जरा विचारात पडून बघत होती. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण अर्थ लागला नाही.

काकांनी पिशवीतले तीन डबे वड्यांनी भरले, झाकणांवर मेण ओतून ते प्रश्नपत्रिकांसारखे बंद केले आणि जाहीर केलं, की आता हे उघडायचे ते प्रत्यक्ष संकटातच.

संकट दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आलं. शाळेची सहल पुन्हा त्याच डोंगराला निघाली. काकांनी मला कचेरीतून रजा काढायला लावली. "साक्षीदार म्हणून चल," म्हणाले. आदल्या दिवसापासून ते तासातासाला परसात जाऊन आकाश बघून येत होते. गेली चार वर्षं हा माणूस आळीच्या थट्टेत का होईना, पण एका दिवसासाठी जगत होता, आणि आकाशात ढग बघून त्याच्याइतका आनंद त्या दिवशी कुणालाच झाला नसेल.

अकराच्या सुमाराला सर आली. पोरं झाडाखाली घुसली, गोळा केलेली लाकडं चिंब झाली, शाळेच्या शिपायाची काडेपेटी ओली झाली. हेडमास्तर रुमालाने डोकं पुसत म्हणाले, "आता कुठला चहा!" काका पुढे झाले.  "सर, पाच मिनिटं द्या."

चाळीस पोरं गोल करून उभी राहिली. कातळाच्या आडोशाला काकांनी आधी देवाघरचे उमेदवार बसवले, कारण परीक्षा क्रमानेच व्हायची. चकमक झाडली. करपलेल्या धोतराने ठिणगी खरोखरच धरली! पोरांनी टाळ्या वाजवल्या. सावरीचा कापूस भडकला आणि बसला. काथ्या कुरकुरला. सुगरणीच्या घरट्याने सुरेख ज्वाळा दिली, पण ओल्या लाकडाला ती नुसती चाटून गेली. "हे अपेक्षितच होतं," काका म्हणाले. "आता बघा." आणि त्यांनी चाकूने पहिल्या बंद डब्याचं मेण खरवडलं.

झाकण निघालं. आत शंकरपाळे होते.

काकांनी दुसरा डबा उघडला. शंकरपाळे. तिसऱ्यात शंकरपाळ्यांवर दोन चिरोटे होते.

कुणी हसलं नाही. पोरांना आधी वाटलं, ही पुढची गंमत आहे. हेडमास्तर वाकून बघत म्हणाले, "मास्तर, हे पेटवायचं की खायचं?" मग मात्र डोंगर दणाणला. काकांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघू लागलो. ते हळूच म्हणाले, "खायचं. घ्या रे पोरांनो, खा." स्वतः कातळाला टेकून बसले आणि सुगरणीच्या घरट्याची राख बुटाने सारखी करत राहिले. चहा शेवटी मुंब्रा स्टेशनाजवळच्या दुकानातच झाला. वाटेत हेडमास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शंकरपाळे मात्र झकास होते हं!" माणूस मनाने वाईट नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मावशी परसात शेगडीपुढे उकिडवी बसून फुंकणीने फुंकत होती. तिकडेही पाऊस झाला होता आणि कोळसे भिजले होते. काकांनी रिकामा डबा तिच्यासमोर ठेवला.

"माझ्या वड्या कुठे आहेत?"

"वापरल्या," मावशी म्हणाली. तिने मानही वर केली नाही.

"सगळ्या? कशाला?"

मावशीने फुंकणी खाली ठेवली. डोळे लाल झाले होते. "कशाला म्हणजे? तुमच्या चहाला. ह्याच्या कचेरीच्या डब्याला. पहाटे साडेपाचला उठून मी अर्धा अर्धा तास फुंकत बसते. घासलेट रेशनचं, कोळसा ओला. धुराने छाती भरून येते. गणपतीत तुमची ती वडी जळताना बघितली आणि म्हटलं, बघू तरी लावून. एका वडीत शेगडी धरते हो!"

"अगं, पण ती आपत्काळासाठी होती!"

"म्हणूनच तर घेतली."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. परत काढलं. मग म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"दिल्या असत्या तुम्ही?"

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी खरंच विचार केला. "नसत्या दिल्या," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि ते शंकरपाळे?"

"वजनाला घातले, वर तुमचंच मेण परत ओतलं. डबा हलका लागला असता हाताला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि सहलीत तुम्हाला भूक लागते. मागून खात नाही तुम्ही कुणाकडे."

काका कोट न काढताच तिच्या शेजारी बसले आणि फुंकणी उचलली. मी मोजली नाहीत, पण बरीच मिनिटं ते फुंकत होते. चौतीस प्रकारच्या वस्तूंची परीक्षा घेतलेल्या त्या माणसाच्या नाकातोंडातून पाणी वाहू लागलं, ठसका लागला, चष्मा काळा झाला, आणि शेगडी काही पेटली नाही. मावशीने चिमट्याने मधले दोन कोळसे उचलून बाजूला केले. "खालून वारा यायला जागा ठेवावी लागते."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"विचारलंत कधी?"

पुढच्या रविवारी दगडावर परीक्षा भरली, पण विंझणा आणि झारी घरातच राहिली. दगडावर शेगडी होती. काकांनी वहीत नवा रकाना पाडला होता: 'धूर'. या एका रकान्याने जुने सगळे निकाल उलटेपालटे झाले. राळ नापास झाली. ट्यूबच्या चिंध्यांना शाळेतून काढून टाकण्यात आलं. वड्यांमधलं घासलेट कमी झालं, भुशाऐवजी काथ्याचा चुरा आला, आणि अशा रीतीने देवाघरचे आणि घरचे एकाच ताटात थापले गेले. त्यावरही काका समाधानी नव्हते. ते मावशीला विचारत, "आज डोळे चुरचुरले का? खरं सांग. कालच्यापेक्षा जास्त की कमी?" मावशी म्हणे, "अहो, आधी चहा प्या." मग आळीतल्या बायका मागच्या दाराने येऊ लागल्या, आणि जो वाद पुरुषांनी चार वर्षं ओसरीवर चालवला होता तो त्यांनी तीन सकाळींत मिटवला. पोस्टमास्तर शेवटपर्यंत निसर्गाच्या पक्षात राहिले. त्यांच्या घरी आठवड्याला बारा वड्या जात, हे त्यांना माहीत नव्हतं.

हेडमास्तरांना काकांनी पुन्हा कधी चहा करून दाखवला नाही. सहलीला जाणंही त्यांनी सोडलं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सकाळी लवकर निघावं लागतं रे. इथलं कोण बघणार?" म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला, कारण मी सात वाजल्याशिवाय उठत नसे.

छप्पन साली माझी नाशिकला बदली झाली. जायच्या दिवशी गाडी लवकरची होती, म्हणून मी पहाटे उठलो. थंडी होती. परसाचं दार उघडं होतं. काका मफलर गुंडाळून शेगडीपुढे बसले होते आणि मावशी पायरीवर, गुडघ्यांभोवती शाल ओढून, केसांचा गुंता सोडवत होती. "साखर दोनच चमचे," ती म्हणाली. "माहीत आहे," काका म्हणाले आणि तीन घातले.  कोळसे लाल झाले होते आणि आधणाचा आवाज येत होता.

निघताना मी दोघांना वाकून नमस्कार केला. लहानपणी मावशीने जवळ घेतलं की तिच्या पदराला, हातांना, केसांना धुराचा वास यायचा. मला तो इतका सवयीचा, की मावशीचा वासच तो, असं मी धरून चाललो होतो. त्या सकाळी तिने माझ्या गालावरून हात फिरवला, तर हाताला नुसता खोबरेल तेलाचा वास होता. धुराचा वास आला तो काकांच्या हातांना.